कोर्लई: दीपगृहाकडूनच चढा

सकाळी मुरूडचा जंजिरा बघायचा आणि परतताना दुपारी कोर्लईचा किल्ला उरकायचा, असं काही जण सुचवतात. उलट करा. गडाच्या चिंचोळ्या दांड्यावर सावली जवळपास नाहीच, त्यामुळे सकाळी आधी कोर्लई, मग जंजिरा.

अलिबागहून रेवदंडा, कुंडलिकेवरचा साळाव पूल, पुढे कोर्लई गाव. गावातून दीपगृहाकडे जाणारा रस्ता अरुंद, मोठी गाडी अलीकडेच ठेवलेली बरी. दीपगृहामागून पायऱ्या आहेत, वीसेक मिनिटांत माथा. पावसाळ्यानंतर लगेच जाणार असाल तर पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि गवतात पाण्याच्या टाक्यांची तोंडं दिसत नाहीत. मुलांना पुढे सोडू नका. पाणी खालूनच न्या. बिनछपराचं पोर्तुगीज चर्च आणि एकामागून एक येणारे आडव्या तटांचे दरवाजे सावकाश बघा, तासभर तरी हवाच.