पैठणीवर ‘ब्लॅक फ्रायडे’? हे नाव आलं कुठून?

ठाणेकरीण:
आमच्या नौपाड्यातल्या एका साडीच्या दुकानावर पाटी लागलीय, ‘ब्लॅक फ्रायडे सेल, पैठणीवर ३० टक्के सूट’. सासूबाई म्हणाल्या, लग्नाकार्याच्या साड्या आणि वर काळा शुक्रवार? मलाही खटकलंच. आम्हा मुंबई-ठाण्याच्या माणसांना काळा शुक्रवार म्हटलं की १२ मार्च १९९३ चा, बॉम्बस्फोटांचा शुक्रवार आठवतो. हे नाव मुळात कुणी ठेवलं?

वहीखाते:
सोपं आहे ताई. दुकानदार वर्षभर तोट्यात, म्हणजे लाल शाई. त्या दिवसापासून नफा, म्हणजे काळी शाई.

मिसिसागाकर:
वहीखातेसाहेब, ही गोष्ट मागाहून रचलेली, १९८० च्या दशकात पसरलेली. (आणि आपल्या चोपडीचं तर कापडच लाल, त्याला काय म्हणायचं!) नाव पाडलं अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या पोलिसांनी, १९५०-६० च्या सुमारास. थँक्सगिव्हिंग या तिथल्या सणाचा गुरुवार (नोव्हेंबरातला चौथा) झाला की दुसऱ्या दिवशी उपनगरांतली माणसं खरेदीला शहरात लोटायची, त्यात शनिवारी आर्मी-नेव्हीचा फुटबॉल सामना. रस्ते तुंबलेले, पोलिसांना रजा नाही. म्हणून तो ‘काळा’. दुकानदारांना हे झोंबलं. १९६१ मध्ये त्यांनी ‘बिग फ्रायडे’ म्हणा असा आग्रह धरला, पण ते नाव काही रुजलं नाही.

आता आमच्या कॅनडाची गंमत. आमचं थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी, त्यामुळे नोव्हेंबरातला तो शुक्रवार साधा कामाचा वार. खरा सेल २६ डिसेंबरचा, बॉक्सिंग डेचा. टीव्हीसाठी पहाटे बर्फात रांग लावलेला मी माणूस. पण सप्टेंबर २००७ मध्ये आमचा डॉलर अमेरिकेच्या डॉलरच्या बरोबरीला आला, १९७६ नंतर पहिल्यांदाच. मग काय, रजा टाकून मंडळी निघाली सीमेपलीकडे, अमेरिकेतल्या बफेलोला! त्याच दिवशी परतलं तर कस्टममध्ये सवलत शून्य. म्हणून नवे कोट अंगावर चढवायचे आणि लेबलं मॉलच्या कचरापेटीत. एकदा आम्ही चौघं सीमेवरच्या पुलावर, कस्टमच्या रांगेत हीटर बंद करून घामाघूम बसलो होतो. अधिकाऱ्याने नुसतं आत डोकावून पाहिलं आणि हसून सोडलं.

गिऱ्हाईक पलीकडे पळतंय म्हटल्यावर इथल्या दुकानांनीही तोच शुक्रवार धरला. ब्रिटनमध्ये तर थँक्सगिव्हिंगच नाही, तरी २०१० मध्ये ॲमेझॉनने तो नेला आणि २०१३ मध्ये तेव्हा वॉलमार्टच्या मालकीच्या असलेल्या ॲस्डा या सुपरमार्केटने दुकानांत आणला. मेक्सिकोने मात्र २०११ मध्ये स्वतःचं नाव ठेवलं, ‘एल बुएन फिन’. बुएन म्हणजे चांगला. सासूबाईंना हे नाव आवडेल.

ठाणेकरीण:
दादा, हे सगळं दुकानदाराला ऐकवलं. तो म्हणाला, “वहिनी, नाव काहीही म्हणा, दिवाळीचा उरलेला माल काढायचाय.” सासूबाईंनी दोन पैठण्या घेतल्या. शुक्रवार नको म्हणून गुरुवारीच, आणि सूटही घासाघीस करून तीच घेतली.