रबर चिकट होणं आणि तडकणं यांची कारणं वेगळी

रबरबँड चिकट होतो आणि वॉशर कडक होऊन तडकतो, या दोन्हींचं खापर सहसा उष्णतेवर फोडलं जातं. ते अर्धंच खरं आहे. ऑक्सिजनमुळे रबराच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटल्या की ते मऊ, चिकट होतं. उलट साखळ्यांमध्ये नवे आडवे बंध वाढले की कडक, ठिसूळ. ऊन आणि उष्णता फक्त वेग वाढवतात.

हवेतल्या ओझोन वायूचं काम निराळं. तो ताणलेल्या भागावर, ताणाला काटकोनात बारीक भेगा पाडतो. म्हणून बांधून ठेवलेला रबरबँड सुट्याच्या आधी तुटतो.

मऊ करण्यासाठी तेल किंवा पेट्रोलियम जेली अजिबात लावू नका, नैसर्गिक रबर त्याने फुगतं आणि कमकुवत होतं. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात चालतो (सिलिकॉनच्याच गास्केटला, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या चकतीला, मात्र तेही नको). साठवताना ताण काढा, टाल्कम पावडर भुरभुरवा आणि हवाबंद पिशवीत, अंधारात ठेवा. चांदीजवळ नको, रबरातल्या गंधकाने ती काळी पडते.

उपकरणांच्या मुठीवरचा चिकटपणा बहुधा रबराचा नसतोच. तो पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा मऊ थर असतो, दमटपणाने विघटित झालेला. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. थर निघून जाईल, खालचं प्लास्टिक सहसा शाबूत राहतं.