व्हिक्टोरियन काळ: वेषभूषा पुरे की खानेसुमारी हवी?

पाटीपेन्सिल: इथे परवा कुणीतरी लिहिलं, 'इंग्लंडच्या प्राथमिक शाळेत व्हिक्टोरियन काळाला वेषभूषेचा एक दिवस पुरे.' नाही पुरत! १८३७ ते १९०१ एका टोपीत कोंबलं की 'तेव्हा सगळी पोरं धुराड्यात चढायची' एवढंच मुलांच्या डोक्यात राहतं. हजेरी सक्तीची झाली १८८० मध्ये, तीही ५ ते १० वयाला; फी बहुतेक ठिकाणी १८९१ नंतर गेली. १८४५चं पोर आणि १८९५चं पोर एकसारखं जगलंच नाही. शाळेजवळच्या गल्लीची १८५१ची खानेसुमारी, म्हणजे जनगणनेची पानं, वाचायला द्या. १८४१ची नको, तिच्यात मोठ्यांची वयं बहुधा पाचाच्या पटीत उतरवलेली आहेत आणि कुटुंबप्रमुखाशी नातं दिलेलं नाही.

धुणंवार: त्या पानांवरचं हाताचं अक्षर मोठ्यांना लागत नाही, सात वर्षांच्या पोराला काय लागणार? धुण्याचा दिवस करा. पाच मुलांत एक टब, कोमट पाणी, किसलेला साबण, ढवळायला दांडा, मग तीनदा खळबळणं. धुण्याचा सोडा मुलांच्या हाती नको, हात चुरचुरतात. पिळायच्या चरकाला मुलांनी हातच लावायचा नाही, रुळांत बोटं जातात. दंड भरून आले की तेव्हा धुण्यात सोमवार अख्खा का जायचा ते कळतं.

पाटीपेन्सिल: दहा ओळी टाइप करून द्या, मूळ पान शेजारी ठेवा. पोराच्या नावापुढे फक्त 'स्कॉलर' (शाळकरी) लिहिलंय म्हणजे पोर रोज शाळेत जायचं असं धरू नका.

वऱ्हाडी: कापूस दोघंही विसरलात! १८६१ला अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं अडली, तिथला कापूस येईना, इंग्लंडात लँकेशायरच्या कापडगिरण्या थंडावल्या. मग मुंबईहून कापूस गेला. आखूड तंतूचा, सारखा तुटणारा. त्याला 'सुरती' म्हणायचे; नाव काढलं की गिरणीतले कामगार वैतागायचे. १८६५ला युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईतल्या सट्टेवाल्यांचं दिवाळं वाजलं. आपली मराठी मुलं इंग्लंडच्या त्या वर्गांत बसतात, त्यांना हे कोण सांगणार?

धुणंवार: दर चर्चेत कापूस! विषय प्राथमिकचा आहे, सट्टेबाजाराचा नाही.

वऱ्हाडी: मग प्राथमिकचंच घ्या. लांब आणि आखूड तंतूचा कापूस चिमूट चिमूट द्या, पीळ देत हळूहळू ओढायला लावा. आखूड पटकन सुटतो, त्याला जास्त पीळ लागतो. तुटलेली टोकं जोडणं हेच गिरणीतल्या पोरांचं काम. १८४४च्या कायद्यानंतर आठ वर्षांचं पोरही अर्धा दिवस गिरणीत, तीन तास शाळेत.

धुणंवार: तंतूंचा प्रयोग चालेल. सट्टा नाही.

पाटीपेन्सिल: गाव गिरणीचं असेल तरच. आणि आधी खानेसुमारीत तसं पोर मुलांनी स्वतः शोधायचं, कापूस नंतर.