वार्तापत्रात तीच ती दहा मुलं: पहिली-दुसरीचे क्रमांक छापावेत का?

धायरीची आई

मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत आहे. शाळा सिंहगड रस्त्याच्या बाजूची, नाव देत नाही. द्वितीय सत्र संपलं आणि परवा पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर शाळेचं चार पानी वार्तापत्र आलं. पहिल्या पानावर मनोगत, मधल्या दोन पानांवर 'यशस्वी विद्यार्थी', शेवटच्या पानावर 'प्रवेश सुरू'. मधल्या पानांवर शिष्यवृत्तीत पात्र ठरलेली मुलं, खासगी स्पर्धा परीक्षांतली पदकं, रंगभरण, वक्तृत्व आणि प्रत्येक इयत्तेचे पहिले तीन क्रमांक, टक्क्यांसकट. पहिलीचेसुद्धा. पहिलीतल्या एका मुलापुढे 98.4 टक्के छापलंय. हीच पानं मोठी करून फाटकावर फ्लेक्स लागला आहे. नावं नीट वाचली तर दहा-बारा मुलंच सगळीकडे फिरून फिरून येतात.

माझा आक्षेप या 98.4 ला आहे. आपल्याकडे 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. पहिली-दुसरीला 70 टक्के भार आकारिक मूल्यमापनाचा आणि फक्त 30 टक्के संकलित म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचा. तिसरी-चौथीला 60-40. आकारिक म्हणजे बाईंचं रोजचं निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय. मुलाला कुठे अडतंय ते बाईंना कळावं आणि पुढचं शिकवणं त्याप्रमाणे बदलावं, यासाठी या नोंदी असतात. शर्यतीत पहिला कोण हे ठरवायला त्या नाहीतच. प्रगतिपत्रकावर म्हणूनच श्रेणी येते. 91 आणि त्यावरचे सगळे अ-1. मग पहिला, दुसरा, तिसरा काढायचा तर कुणीतरी मुद्दाम मागे जाऊन गुण उकरावे लागतात. सहा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत हे कशासाठी करायचं?

दुसरं म्हणजे वार्तापत्रात सत्राची खरी बातमी नाही. दिवाळीनंतर मुलीच्या वर्गात एक मुलगी आली. नऱ्ह्याला बांधकामावर आईवडील मजुरी करतात, राहायला तिथेच पत्र्याच्या खोल्यांत, घरी मराठी कुणी बोलत नाही. जानेवारीत ती बाकावर गप्प बसायची. एप्रिलमध्ये तिनं परिपाठाला माइकवर दिनविशेष वाचला. एका जोडाक्षरापाशी थांबली, बाईंकडे पाहिलं, परत पहिल्यापासून वाचलं. अख्ख्या मैदानानं टाळ्या वाजवल्या. माझ्या मते या शाळेनं या वर्षी केलेलं सगळ्यात मोठं काम हेच. त्यावर चार पानांत एक ओळ नाही.

निदान चौथीपर्यंत वार्तापत्रात क्रमांक नकोत, आणि प्रत्येक वर्गानं वर्षभरात काय केलं त्याची बातमी हवी, असं माझं म्हणणं आहे. तुम्हाला काय वाटतं?

पेठेतला मुख्याध्यापक

ताई, तुमची तळमळ पोचली. पण फाटकाच्या आतून हे कसं दिसतं तेही ऐका.

मी एका अनुदानित मराठी प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक आहे. आमची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते, 30 सप्टेंबरच्या पटावर होते. प्राथमिकला 30 मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो, दुसऱ्या शाळेत समायोजनाला जातो, आणि उरलेल्यांना दोन वर्ग एकत्र घेऊन बसावं लागतं. वर्ग जोडले की शिकवण्यावर परिणाम होतो, ते दिसलं की आणखी चार पालक दाखला काढून नेतात. पेठांमधल्या कितीतरी मराठी शाळा अशाच आटल्या.

मार्चमध्ये जे पालक चौकशीला येतात ते तीन गोष्टी विचारतात: सेमी-इंग्रजी आहे का, रिक्षाकाका आहेत का, आणि तुमच्या मुलांनी काय मिळवलं. वाचनकोपरा कुणी विचारत नाही. मी आवर्जून दाखवतो, ते मान डोलावतात आणि फ्लेक्सचा फोटो काढून नेतात. शेजारच्या इंग्रजी शाळेची जाहिरात बसथांब्यावर असते. माझ्याकडे फाटकावरची आठ बाय चारची जागा आहे, तीही मोकळी सोडली तर तुमच्या त्या नऱ्ह्याच्या मुलीला सामावून घेणारी मराठी शाळाच उरणार नाही. मला यश छापणं भाग आहे, आणि त्यात कमीपणा वाटत नाही.

पर्वती पायथा

मी रिक्षा चालवतो. मुलगा महापालिकेच्या शाळेत पाचवीला. शिष्यवृत्तीला बसला होता.

ही परीक्षा काय असते ते ज्यांच्या घरात आधी कुणी दिली त्यांना माहीत. आम्हाला नव्हतं. दोन पेपर, दीडशे-दीडशे गुणांचे, एकूण 300. भाषा-गणित एकात, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता दुसऱ्यात. दोन्हींत 40 टक्के पडले तर पात्र. मॅडमनी शाळा भरायच्या आधी रोज जादा तास घेतला. जुन्या प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स, सगळं त्यांच्या पैशानं. पोरगं घरी पेननं गोळे भरायचा सराव करत बसायचं, गोळ्याच्या बाहेर शाई गेली की चिडायचं.

पात्र झाला. शाळेनं फ्लेक्स लावला, त्यावर त्याचा फोटो. दुसऱ्याच दिवशी आमच्या गल्लीतल्या तिघी-चौघी आया मॅडमकडे गेल्या, म्हणाल्या आमच्या पोरांना पण बसवा. मॅडम वर्षभर सांगत होत्या तेव्हा कुणी गेलं नव्हतं. ताई, फ्लेक्सनं काय होतं ते हे होतं. ज्यांच्या घरात बक्षिसांचं कपाट भरलंय त्यांना नाव छापलं काय, नाही काय. आमच्याकडे पहिल्यांदाच छापलंय. ते काढू नका.

धायरीची आई

दादा, मुलाचं आणि मॅडमचं मनापासून अभिनंदन. तुम्ही सांगितलंत ते मला पटलं, आणि ते माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातं असंही मला वाटत नाही. शिष्यवृत्ती ही राज्य परीक्षा परिषदेची परीक्षा. मूल स्वतः बसतं, तयारी करतं, सगळ्या राज्याला एकच प्रश्नपत्रिका. तिथलं यश छापाच. वर्गातले क्रमांक तसे नाहीत. तिथे मुलानं कुठल्या स्पर्धेत नाव दिलेलं नसतं. शाळेत येतं म्हणून आपण त्याला स्पर्धेत उभं केलेलं असतं.

सर, तुमच्या पटाचा प्रश्न मी समजू शकते. पण पहिलीतल्या मुलाचे 98.4 टक्के पाहून कुणी प्रवेश घेतला असं तुम्हाला खरंच दिसलंय का?

बाणेर

मी पूर्ण विरोधात आहे. आपण मुलांना कापसात गुंडाळून ठेवतोय. आठवीपर्यंत सरसकट पुढे ढकलायचं, मग नववीत एकदम आपटतात, हे सगळ्यांनी पाहिलं. म्हणूनच केंद्रानं 2019 मध्ये शिक्षण हक्क कायदा बदलला आणि आपल्याकडे 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. चौथीपर्यंत क्रमांक हा शब्दही ऐकू द्यायचा नाही आणि पाचवीत एकदम परीक्षेला बसवायचं, ही त्या मुलांची फसवणूक आहे. माझ्या मुलाला दुसरीत क्रमांक मिळाला नाही. वाईट वाटलं त्याला, चार दिवस बोलला नाही, मग आपणहून पाढे लिहायला बसला. ते वाईट वाटणं मी त्याच्याकडून काढून घेणार नाही. आणि ज्यानं मेहनत केली त्याचं नाव का झाकायचं? त्याच्यावर अन्याय नाही का?

हडपसरच्या निवृत्त बाई

बाणेरकर, पाचवीची परीक्षा क्रमांकासाठी आलेली नाही. जो मागे राहिला तो कळावा, त्याला जादा मार्गदर्शन मिळावं आणि त्याची पुनर्परीक्षा घ्यावी, अशी तिची रचना आहे. पहिला कोण आला याच्याशी तिचा काही संबंध नाही. तुमचा मुलगा पाढ्यांना बसला, छान झालं. वर्गात अशीही मुलं असतात जी 'आपल्याला येतच नाही' असं दुसरीतच ठरवून टाकतात आणि पुढे हात वर करणंच सोडतात. घरी ती काही बोलत नाहीत, म्हणून पालकांना पत्ता लागत नाही. वर्गात ते लगेच दिसतं.

पण धायरीच्या ताईंशीही माझं एका ठिकाणी जमत नाही. सगळ्या मुलांबद्दल लिहा म्हटलं की काय होतं ते मी पाहिलं आहे. प्रगतिपत्रकात वर्णनात्मक नोंदींचे रकाने असतात: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना उत्तम. पण त्या नोंदींची छापील पुस्तकं मिळतात, आता पीडीएफही फिरतात. 'हस्ताक्षर वळणदार आहे.' 'शिकलेल्या भागाचा दैनंदिन जीवनात उपयोग करतो.' 'वर्गात नेहमी सक्रिय असते.' चाळीस प्रगतिपत्रकांवर हीच वाक्यं आलटून पालटून. मूल घरी जाऊन ते वाचतं तेव्हा त्याला नक्की कळतं की हे माझ्याबद्दल नाही. उपचाराचं कौतुक मुलं ओळखतात, आणि मग खऱ्या कौतुकावरही त्यांचा विश्वास राहत नाही.

शिक्षकांना दोष देत नाही. मतदार यादी, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, या सगळ्यातून एप्रिलमध्ये एका रात्रीत नोंदी लिहिल्या जातात. नोंद घडली त्या दिवशीच लिहिली तरच ती खरी उतरते. मी टेबलावर एक दोनशे पानी वही ठेवायचे, प्रत्येक मुलाला एक पान. 'आज वजाबाकीत हातचा स्वतःहून परत दिला.' 'भांडण मिटवायला मध्ये पडला, स्वतः मार खाल्ला.' सत्राअखेरीला लिहायला काही शोधावं लागत नसे. वार्तापत्रात सगळी मुलं हवीत असतील तर आधी शिक्षकाला ती वही भरायला वेळ मिळवून द्या. नाहीतर चार पानांच्या जागी आठ पानांचं खोटं छापून येईल.

कर्वेनगर

एक वेगळा मुद्दा, कुणी काढला नाही म्हणून. फ्लेक्सवर मुलाचा फोटो, पूर्ण नाव, वडिलांचं नाव, इयत्ता, तुकडी. तेच शाळेच्या फेसबुक पानावर, जगाला खुलं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायला सांगितलं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी मला माझ्या मुलीचा फोटो रस्त्यावर नको आहे. शाळेनं विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारलंच नाही.

मुळशीची जि. प. शिक्षिका

मी दोनशिक्षकी शाळेत आहे. सगळे वार्तापत्राबद्दल बोलताहेत, पण मुळात क्रमांक मागतं कोण ते बघा. 1 मे ला झेंडावंदन झालं की आम्ही प्रगतिपत्रकं वाटतो. मी आईला सांगत असते, हा आता सलग परिच्छेद वाचतो, बेरजेत पक्का आहे, वजाबाकीत थोडा सराव हवा. ती ऐकून घेते आणि विचारते, 'नंबर कितवा आला?' श्रेणी दाखवली तरी, 'हो, पण नंबर?' शेजारणीला सांगायला तिला एक आकडा हवा असतो. आम्ही देत नाही म्हणून काही जण गावातल्या खासगी क्लासला जाऊन तिथला क्रमांक घेऊन येतात.

म्हणून आम्ही कागदावरून वाद घालणं सोडून दिलं. प्रगतिपत्रक घ्यायच्या आधी प्रत्येक मूल सगळ्यांसमोर काहीतरी करून दाखवतं, स्वतः निवडलेलं. कुणी वाचतं, कुणी फळ्यावर गणित सोडवतं, एकानं गेल्या वर्षी भाताच्या रोपांच्या वाढीची वही दाखवली, आठवड्याला मोजून लिहिलेली. पहिलीतल्या मुलीनं फक्त आपलं नाव फळ्यावर लिहिलं आणि खाली आईचं. आमचा पट छोटा म्हणून हे जमतं, हे कबूल. शहरातल्या शाळेत वर्गावार करता येईल. ज्या आईनं मुलाला वाचताना ऐकलं ती नंबर जरा कमी विचारते. विचारायचं अगदी थांबत नाही.

पेठेतला मुख्याध्यापक

धायरीच्या ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. नाही, पहिलीचे टक्के पाहून प्रवेश घेतलेला मला आठवत नाही. लोक शिष्यवृत्ती बघतात. पहिली ते चौथीचे क्रमांक काढून टाकायला मी तयार आहे, शिक्षकांच्या बैठकीत ठेवतो. शिष्यवृत्तीचा फ्लेक्स मात्र राहणार. आता ती परीक्षा पुन्हा चौथीला आणायचं ठरलंय, म्हणजे फ्लेक्सवरची मुलं आणखी लहान असतील. तरीही राहणार, पालकांची लेखी संमती घेऊन. कर्वेनगरांचा मुद्दा रास्त आहे, संमतीचा कागद आम्ही आजवर घेत नव्हतो.

बाईंची वही मला सगळ्यात अवघड वाटते. माझ्याकडे चार शिक्षिका, त्यातल्या एकीकडे सध्या दोन वर्ग.

बाणेर

माझं मत बदललेलं नाही. चौथीचे क्रमांक तरी ठेवा. नऊ वर्षांचं मूल हरणं पेलू शकतं.

धायरीची आई

चौथीवर आपलं एकमत होणार नाही असं दिसतंय, राहू दे.

जूनमध्ये आमच्या पालक-शिक्षक संघाची पहिली सभा असते. तिथे तीन गोष्टी मांडणार आहे: चौथीपर्यंत वर्गातले क्रमांक बंद, फोटो-नावासाठी संमती, आणि वार्तापत्रात प्रत्येक वर्गाला अर्धं पान. अर्धं पान बाईंनी न लिहिता तिसरीच्या पुढच्या मुलांनी लिहावं, पहिली-दुसरीसाठी पालकांनी वर्गात बसून मुलांना विचारून लिहावं. म्हणजे शिक्षकांवर बोजा नको. टंकलेखन मी करून देईन.

हडपसरच्या निवृत्त बाई

मुलांनी लिहिलेलं छापाल तर शुद्धलेखनापुरताच हात लावा. वाक्यं बदलू नका. छापायला देण्याआधी मला पाठवलंत तर मी तपासून देईन.

पर्वती पायथा

ताई, त्या नऱ्ह्याच्या मुलीचं छापायच्या आधी तिच्या आईबापाला विचारा. आणि साइट संपली असेल तर जूनमध्ये ते तिथे नसतील. दाखला निघाला का, पुढच्या शाळेत नाव पडलं का, ते आत्ताच मेमध्ये बघून या. माझी रिक्षा त्या बाजूला असते, सांगा, मी पण जाऊन येतो.