चर्चा धागा: सुटलेल्या वर्क ऑर्डरमध्ये माल जोडण्याचा अधिकार स्टोअरकडे असावा की नसावा?

जुना स्टोअरकीपर
काल येथे एका नियोजक महोदयांनी लिहिले, की वर्क ऑर्डर, म्हणजे ठरावीक नग बनवण्याचा आदेश, एकदा रिलीज झाली (कामाला सुटली) की तिच्यात नवा माल जोडण्याची सोय स्टोअरकडून काढूनच घ्यावी, कारण जे लागते ते बीओएममध्ये, म्हणजे त्या नगाला लागणाऱ्या मालाच्या यादीत, असलेच पाहिजे आणि जे बीओएममध्ये नाही ते लागताच कामा नये. मी दुर्लक्षच करणार होतो; परंतु त्याखाली ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग पाहिली आणि राहवले नाही.

बहुतेक प्रणालींमध्ये वर्क ऑर्डर तयार होताना बीओएमची एक प्रत तिच्यात उतरते. त्यानंतर मूळ बीओएम कितीही सुधारली, तरी आधीच सुटलेल्या ऑर्डरला त्याचा आपोआप पत्ता लागत नाही. डिझाइन विभागाने गॅस्केटची जाडी बदलली आणि शॉप फ्लोअरवर जुन्या प्रतीच्या चार ऑर्डरी चालू आहेत, तर त्यांना नवे गॅस्केट कोणत्या ओळीवर द्यायचे? महोदयांच्या नियमाप्रमाणे द्यायचेच नाही. प्रत्यक्षात मी ते देतो, कारण मशीन थांबलेले असते आणि सुपरवायझर खिडकीशी उभा असतो. मात्र ते चिठ्ठीवर देतो. त्या चिठ्ठ्या महिनाअखेरीस कोण भरतो, हे विचारू नये. नवे गॅस्केट कागदावर शिल्लक, जुने कागदावर संपलेले, आणि कपाटात नेमके उलटे, अशा स्थितीत फिजिकल स्टॉकच्या, म्हणजे प्रत्यक्ष मोजणीच्या, दिवशी जाब मात्र मलाच विचारला जातो.

नियोजन विभाग
तो ‘महोदय’ मीच. उपरोधाबद्दल आभार.

आपण गॅस्केटचे उदाहरण दिले, कारण ते सोयीचे आहे. मी माझ्या आधीच्या कारखान्यातले सांगतो. तेथे स्टोअरला ही सोय होती आणि तिचा उपयोग असा होत असे, की जी ऑर्डर स्क्रीनवर सर्वांत वर दिसे तिच्यावर वेल्डिंग रॉड, हातमोजे, रंगाचे डबे, सगळे टाकले जाई. एका साध्या स्टँडचा खर्च अंदाजाच्या दीडपट दिसू लागला. विक्री विभागाने त्या आकड्यावर विश्वास ठेवून भाव वाढवला आणि नेहमीचा ग्राहक निघून गेला. पुढे तपासले तेव्हा कळले, की त्या रॉडपैकी बहुतेक शेजारच्या टाकीच्या कामाला गेले होते. टाकीची ऑर्डर शोधायला दोन क्लिक अधिक लागत होते, इतकेच त्याचे कारण.

बीओएम चुकीची असेल तर ती दुरुस्त करा. ऑर्डर चुकीची असेल तर नियोजनाला एक फोन करा, आम्ही घटक बदलून देऊ. दार उघडे ठेवून चोरीची तक्रार करू नका.

जुना स्टोअरकीपर
‘चोरी’ हा शब्द परत घ्यावा. आणि दुसऱ्या पाळीत नियोजन विभागाचा फोन कोण उचलतो, हेही एकदा सांगावे.

सॉफ्टवेअर बसवणारा
आपण दोघेही एकाच गोष्टीवर भांडत नाही आहात. माल राखून ठेवणे आणि माल इश्यू करणे, या दोन वेगळ्या नोंदी आहेत. राखून ठेवल्याने हातातला स्टॉक कमी होत नाही, फक्त इतरांसाठी उपलब्ध असलेला कमी होतो. इश्यू केल्यावरच तो स्टोअरमधून जातो. सॅप या सॉफ्टवेअरमध्ये ऑर्डरवरचा इश्यू २६१ या हालचाल-कोडने होतो आणि त्याचा उलट व्यवहार २६२ ने, त्यामुळे चुकलेली ऑर्डर दुरुस्त करणे अशक्य नाही. ईआरपीनेक्स्ट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वापर बीओएमनुसार धरायचा की प्रत्यक्ष हलवलेल्या मालानुसार, याची स्वतंत्र सेटिंग आहे. मी जेथे जेथे गेलो, तेथे ही सेटिंग पहिल्या दिवशी कोणीतरी घाईत निवडलेली असते आणि त्यानंतर त्यावरून वर्षानुवर्षे भांडणे चालतात.

नियोजन विभाग
मग सरळ बॅकफ्लश करा. तयार नग नोंदवले की बीओएमप्रमाणे माल आपोआप वजा होईल, आणि कोणाला काही जोडायची गरजच उरणार नाही.

गुणवत्ता तपासणी
बॅकफ्लशचे नाव काढलेत म्हणून लिहिते, अन्यथा या वादात पडणार नव्हते.

आमच्याकडे ओ-रिंगचे दोन लॉट, म्हणजे वेगवेगळ्या वेळी बनलेल्या दोन खेपा, कपाटात होते. बॅकफ्लशने कागदावर जुना लॉट आधी वजा केला, कारण त्याला तसेच शिकवले होते. कामगाराने मात्र हाताशी आलेला नवा लॉट वापरला. नव्या लॉटमध्ये दोष निघाला तेव्हा प्रणालीने दाखवलेले पंप आम्ही परत मागवले, उघडले, तर त्यांत जुन्या लॉटच्या निर्दोष रिंगा होत्या. दोषी पंप तोवर ग्राहकांकडे चालूच होते. त्या आठवड्यात मी काय ऐकले, ते येथे लिहिण्यासारखे नाही. ज्या मालाला लॉट क्रमांक आहे, तो स्कॅन करून, हाताने, त्याच ऑर्डरवर इश्यू झाला पाहिजे. नट-बोल्ट आणि वॉशर यांचा बॅकफ्लश खुशाल करा.

शिवाय तीन आठवडे चालणाऱ्या ऑर्डरवर अखेरीस एकदाच बॅकफ्लश केला, तर त्या तीन आठवड्यांत फ्लोअरवर गेलेला माल स्टोअरमध्येच दिसत राहतो आणि खरेदी विभाग निवांत बसतो. हे नियोजकांनी सांगायला हवे होते, मी नव्हे.

फॅब्रिकेशन
अधिकार कोणाचाही असो, जोडताना एकक कोणते टाकायचे, हे आधी ठरवा. आमच्याकडे गोल सळई किलोने खरेदी होते, बीओएममध्ये मीटरने आहे आणि स्टोअर देते ती नगांनी. १६ मिमी सळईचे वजन मीटरला १.५८ किलो, म्हणजे ६ मीटरचा एक नग साधारण साडेनऊ किलोचा. मागच्या पाळीतल्या मुलाने ६ नग द्यायचे म्हणून ६ लिहिले, प्रणालीने ते किलो समजले. ५७ किलो गेले, ६ वजा झाले.

सॉफ्टवेअर बसवणारा
तो दोष एकक-रूपांतर न भरण्याचा आहे, सॉफ्टवेअरचा नाही.

फॅब्रिकेशन
रूपांतर भरले होते! १२ मिमीचे ०.८८८ सगळ्या जाडींना लावले होते, कारण बसवणाऱ्याने ‘सळई’ असा एकच आयटम कोड केला होता. मीटरचे वजन म्हणजे मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे सूत्र आमच्या हेल्परला पाठ आहे. ज्यांनी प्रणाली बसवली त्यांना नव्हते.

रंगकाम
रंगाचे तर बोलूच नका. खरेदी किलोने, बीओएम लिटरने, आणि रूपांतर १ ला १. आमच्या रंगाची घनता १.३ आहे. २०० लिटर वापरले की २६० किलो संपतात, वजा होतात २००, आणि ६० किलोचा रंग फक्त पडद्यावर उरतो. त्या रंगाच्या भरवशावर दोनदा काम हाती घेतले आणि दोनदा तोंडघशी पडलो.

नियोजन विभाग
धागा अधिकाराचा आहे, एककांचा नाही. कृपया मूळ मुद्द्यावर यावे.

फॅब्रिकेशन
चुकीच्या एककात जोडण्याचा अधिकार कोणाला हवा आहे? मूळ मुद्दा हाच आहे. आणि मुद्दे ठरवण्याची वर्क ऑर्डर आपल्याला कोणी दिली?

खर्च लेखा
एककांचे भांडण चालू राहू द्या, मी तोट्याच्या, म्हणजे काम करताना बाद होणाऱ्या नगांच्या, टक्केवारीबद्दल बोलतो, कारण जादा माल जोडण्याचे निम्मे प्रसंग मला तेथूनच आलेले दिसतात. ४०० चांगले नग हवेत आणि तोटा ५ टक्के आहे, म्हणून नियोजन ४२० नगांचा माल काढते. ४२० चे ५ टक्के म्हणजे २१ गेले, उरले ३९९. एक नग कमी. मग त्या एका नगासाठी स्टोअरकडे धावाधाव, हाताने जोडलेली ओळ, आणि माझ्याकडे व्हेरियन्स, म्हणजे अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांतला फरक. ४०० ला ०.९५ ने भागावे, ४२१.०५ येते, म्हणजे ४२२ नगांचा माल घ्यावा.

मात्र स्टोअरकीपरांनाही सांगतो, की नेहमीचा तोटा आणि असाधारण नासाडी एकाच ओळीत जोडत जाऊ नये. असाधारण वाया गेलेला माल साठ्याच्या किमतीत धरता येत नाही, तो त्या काळाचा खर्च म्हणून दाखवावा लागतो. आयएएस २ हे लेखामानकही तेच सांगते. कारण लिहिलेले नसेल, तर मी ते वेगळे काढू कसे? ‘जादा लागले’ हे कारण नव्हे.

जुना स्टोअरकीपर
कारणाचा रकाना द्या, भरतो. आजवर कोणी दिलाच नाही. उरलेला माल परत येतो त्याची नोंदही मी वहीत ठेवतो, कारण ऑर्डर बंद झाल्यावर परतीची ओळ घेतली जात नाही, आणि ऑर्डर बंद करण्याची घाई नियोजनालाच असते.

नियोजन विभाग
ठीक आहे. लॉट असलेला माल स्कॅन करून, कारण निवडून, आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंतच जोडायचा. मर्यादेपलीकडे आमची मंजुरी. एकाच आयटमची ओळ सलग तीन ऑर्डरींत हाताने जोडली गेली, तर बीओएम तपासायची. मी हरलो, असे कोणी समजू नये. उघडे दार मला आजही मान्य नाही. आणि दुसऱ्या पाळीचा फोन माझ्या मोबाइलवर वळवतो, म्हणजे तोही प्रश्न संपला.

जुना स्टोअरकीपर
उपकार झाले. आज रात्री अडीचला एक गॅस्केट लागणारच आहे.

फॅब्रिकेशन
सर्वांचे मनोमीलन झाले, आनंद आहे. १६ मिमीचे १.५८ कोणत्या रकान्यात भरायचे, हे आता तरी कोणी सांगेल का?