मदत हवी आहे : भाचीच्या श्वासनलिकेतल्या गाठीचं ऑपरेशन, फुफ्फुस वाचेल का?

नमस्कार मंडळी, आम्ही जुळे सोलापूरचे. माझी भाची ११ वर्षांची, सारखा खोकला, घरघर, परत परत उजव्याच बाजूला न्यूमोनिया, दमा समजून पंप चालू होता, शेवटी थुंकीत रक्त आलं तेव्हा सीटी आणि दुर्बिणीची तपासणी झाली. उजव्या मुख्य श्वासनलिकेत गाठ, बायोप्सीत म्युकोएपिडर्मॉइड कार्सिनोमा (एक प्रकारचा कॅन्सर), लो ग्रेड, म्हणजे हळू वाढणारा. मुलांत फार क्वचित होतो पण पूर्ण निघाला तर बहुतेक पोरं बरी होतात, केमो शक्यतो लागत नाही, हे ऐकून जरा जीवात जीव आला.

आता एक डॉक्टर म्हणतात उजवं फुफ्फुस अख्खं काढावं लागेल, दुसरे म्हणतात स्लीव्ह रिसेक्शन करू, म्हणजे नळीचा गाठ असलेला तुकडा कापून दोन्ही टोकं परत शिवायची, फुफ्फुस जागेवर राहतं. पोरगी वाढीची आहे ओ, लंगडीत कुणाला सापडत नाही, अख्खं फुफ्फुस गेलं तर पुढं पाठीचा कणा वाकू शकतो म्हणे, म्हणून आमचा सगळा जीव दुसऱ्या पर्यायात अडकलाय.

कुणाच्या लेकराचं असं ऑपरेशन झालंय का? शिवलेली जागा नंतर आकसली का, दुर्बीण परत किती वेळा करावी लागली? परळला टाटात आधी दाखवावं की वाडियात? महात्मा फुले योजनेत बसतं का? ताईला काहीच सुचंना झालंय, सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीट काढायचंय, माहिती असेल तर प्लीज लवकर सांगा.