उत्तर: समर इंटर्नशिपच्या आधी काय शिकू?
फोंड्याच्या ज्या मुलीने विचारलंय की ईईजीवर (मेंदूच्या विद्युत लहरींच्या नोंदीवर) एआय लावायच्या इंटर्नशिपआधी डीप लर्निंगचा कोर्स करू का, तिला सांगेन, थांब गो, आधी सिग्नल वाचायला शीक. बोस्टनच्या लहान पेशंटांच्या फिट्सचा सीएचबी-एमआयटी ईईजी डेटा फुकट मिळतो, सेकंदाला २५६ सॅम्पल, एमएनई-पायथन या ईईजी बघायच्या फुकट लायब्ररीत उघड आणि नुसती बघत बस, पापणी लवली की कपाळावरच्या चॅनेलमध्ये केवढा डोंगर उठतो ते! तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०, आणि विजेची ती गुणगुण सिग्नलमध्ये शिरते, त्यामुळे ती काढायचा फिल्टर आंधळेपणाने कॉपी करू नको. आणि लॅब झुआरीनगरची असो की बेंगळुरूची, एकाच पेशंटच्या रेकॉर्डिंगचे तुकडे ट्रेनिंग आणि टेस्ट दोन्हीत गेले तर अ‍ॅक्युरसी खोटी फुगते, नवीन पेशंटवर मॉडेल आपटतं, हे मात्र पक्कं लक्षात ठेव.